माझ्या दुधाचं कौतुक

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला यातलं अर्धं माहीत आहे, पण ते अर्धंच आहे हे त्यांना माहीत नाही. आईला नाही, बहिणीला नाही, आणि जिला सगळ्यात आधी सांगायला हवं होतं तिला तर नाहीच. आता तुमच्यापुढे बसले आहे तर पहिलाच शब्द उच्चारायची लाज वाटते आहे. कारण विषय असा की ऐकणारा म्हणेल — एवढंच? दुधाचं? हो, दुधाचंच. अंगावरच्या दुधाचं.

मी शाळेत विज्ञान शिकवते. पोरं उत्तर द्यायला लांबण लावतात तेव्हा खेकसते, "सीधे पॉइंट पर आओ!" आणि स्वतः मात्र बघा, कुठून सुरू करावं म्हणजे आपण जरा बऱ्या दिसू, ते टोक शोधते आहे. तसं टोक नाही. मग राहू दे, सुरुवातीपासूनच सांगते.

लग्न होऊन वर्ध्याहून रायपूरला आले. नवरा रेल्वेत, सारखा लाइनवर. घरात सासूबाई, त्यांना आम्ही मामी म्हणतो, आणि धाकटा दीर राजू. मामी तोंडाच्या तिखट, पण मनाच्या वाईट नव्हत्या, हे आधीच सांगून ठेवते. माझ्या पोळ्या जाड, माझं वरण पाणचट, माझं झाडणं कोपरे सोडून. "शिकेल सून आणली, आता पुस्तकं वाढते ताटात," असं शेजारणींसमोर म्हणायच्या आणि सगळ्या हसायच्या. मीही हसायची. हसण्याशिवाय काय करणार? पण आतून फार लागायचं. त्या घरात माझं असं काहीच नव्हतं ज्याचं कुणी कौतुक करावं.

मग आर्या झाली. ऑपरेशन करून. आणि दूध येईना.

येईना म्हणजे अगदीच नाही असं नाही. चार थेंब यायचे, आर्या ओढायची, रडायची, थकून झोपायची, पुन्हा उठून रडायची. डॉक्टरीणबाई समजूतदार होत्या. म्हणाल्या, सारखी छातीशी लावत राहा, ती जेवढी ओढेल तेवढं दूध वाढेल, आणि वजन भरेपर्यंत वरून थोडं पावडरचं दूध वाटी-चमच्यानं दे. त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. नवऱ्यानं डबा आणला. घरी येताना मला विचारलं, "आईले सांगितलं ना?" मी म्हटलं, "हो."

का म्हटलं? आज इतक्या वर्षांनीही नीट सांगता येत नाही. मला वाटलं, संध्याकाळी सांगू. पण घरी पोचलो तर मामींनी गोल बाजारातून हळीव, डिंक, खारीक, खोबरं असं सगळं आणून ठेवलं होतं आणि शेजारणीला सांगत होत्या, "आमच्या घरच्या बायांचं दूध कधी आटलंच नाही. माह्या सासूचं नाही, माहं नाही." हे ऐकल्यावर मी पिशवीतला डबा शालीखाली सरकवला. त्या क्षणी एवढंच झालं.

आता एक पद्धत सांगायला हवी, त्याशिवाय पुढचं कळणार नाही. मामी बुद्धविहारात जाणाऱ्या, अंगात येणाऱ्यांना खो खो हसणाऱ्या, पण एका बाबतीत कुणाचं ऐकायच्या नाहीत. पाजणाऱ्या बाईकडे कुणी पाहायचं नाही. नजरेनं दूध आटतं. म्हणून पाजताना खोलीचं दार लावून घ्यायचं आणि आतून हाक आल्याशिवाय कुणी जायचं नाही — सासूनंही नाही. दार त्या स्वतः ओढून घ्यायच्या आणि बाहेर पाटावर पहारा दिल्यासारख्या बसायच्या. बाळंतिणीनं गरम पाणीच प्यायचं म्हणून उकळलेल्या पाण्याचा थर्मास माझ्या उशाशी भरून ठेवायच्या. म्हणजे बघा, दार त्यांनीच लावलं, पाणीही त्यांनीच दिलं. पावडर तेवढी माझी होती.

कपाटात हिवाळ्याच्या शालींमागे एका स्टीलच्या डब्यात ती ठेवायची. वाटीत कालवायची, आर्याला पाजायची, वाटी पदरानं पुसून पुन्हा आत. पहिल्यांदा ती पोटभर पिऊन झोपली त्या दुपारी मी दार उघडलं तर मामी आत आल्या, तिच्याकडे बघतच राहिल्या. "पाह्य, कशी तृप्त झोपली पोट्टी! बाई गं, शुभा, तू तर लक्ष्मी निघाली." माझ्या केसांवरून हात फिरवला. लग्न झाल्यापासून पहिल्यांदा.

तेव्हा सांगायचं होतं. मामी, हे माझं नाही, डब्यातलं आहे. एवढं एक वाक्य. पण — खरं सांगू? — मला आवडलं. फार आवडलं. पोळ्या जमल्या नाहीत, वरण जमलं नाही, पण हे जमलं, असं पाऱ्यात, म्हणजे आमच्या मोहल्ल्यात, सगळीकडे झालं. मामी मला हरभऱ्याच्या झाडावर चढवत राहिल्या आणि मीही आनंदानं चढत गेले. "आमच्या शुभाले असा पान्हा, असा पान्हा, की पोरीनं तोंड वळवलं तरी थांबत नाही!" मी खाली मान घालून लाजायची. लाजायची! तो अभिनय माझ्याकडून किती सहज व्हायचा हे आठवलं की अजून कान गरम होतात.

आणि डॉक्टरीणबाईंनी सांगितलेलं तेच मी केलं नाही. सारखं लावत राहा, म्हणाल्या होत्या. पण डब्यातलं देणं सोपं होतं, ती लगेच शांत व्हायची आणि बाहेर माझं नाव व्हायचं. त्यामुळे जे चार थेंब येत होते तेही हळूहळू गेले. मुलाच्या ओढण्यानं दूध वाढतं ही साधी गोष्ट विज्ञानाच्या मास्तरणीला माहीत होती. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. माझ्या मुठीत काही नव्हतंच, तरी मी ती आवळून फिरत होते.

यानं कुणाचं काय बिघडलं, असं तुम्ही विचाराल. तोपर्यंत काहीच नाही. आर्या गुटगुटीत वाढली. पण मामींचा आणखी एक समज होता — बाळंतिणीचे लाडू ज्या बाईनं भरपूर पाजलं तिच्याच हातानं वळावेत, मगच गुण येतो. त्यामुळे पाऱ्यात कुणीही बाळंत झालं की निरोप माझ्याकडे. मी हळीव-डिंकाचे लाडू वळून द्यायची. ज्यांना दूध यायचं त्या म्हणायच्या, शुभादीदींच्या हाताचा गुण. ज्यांना नाही यायचं त्या गप्प बसायच्या. त्या गप्प बसणाऱ्यांचा मी कधी विचार केला नाही.

मग राजूचं लग्न झालं. सपना आली.

सपना भिलाईची. घरचे आमच्यासारखेच विदर्भातले, पण ती तिकडेच वाढलेली. मराठी सगळं कळायचं, उत्तर मात्र हिंदीत. आई लहानपणीच गेलेली, मागे एक शाळकरी बहीण, नेहा. ही पोरगी हसायची इतकी की मामींनाही रागवता यायचं नाही. दिवसभर माझ्यामागे "दीदी, दीदी". भाजी निवडताना माझ्या खांद्यावर डोकं ठेवायची. मला धाकटी बहीण मिळाली असंच वाटायचं, आणि तिला — तिला बहुतेक आई मिळाल्यासारखं वाटत असावं. माहेरी करणारं कुणी नाही म्हणून बाळंतपण आमच्याकडेच झालं. मुलगा झाला. अंशू.

तिलाही दूध कमी होतं. मामींनी कंबर कसली. लाडू अर्थातच माझ्या हातचे. शेजारच्या छत्तीसगढी काकींनी कांके पानी आणलं, बाळंतिणीचा तो औषधी काढा, तोही पाजला. साधं पाणी मात्र मोजूनमापून, पोट सुटेल म्हणून. तुपाच्या लाडवानं तिला मळमळायचं, तरी मामी समोर बसून खायला लावायच्या. आणि पाजायची वेळ झाली की दार बंद.

मी बाहेर स्वयंपाकघरात असायची आणि आतलं रडणं ऐकायची. पोट दुखतं तेव्हाचं रडणं वेगळं, झोपेचं वेगळं. हे भुकेचं होतं. ते मला कुणी सांगायची गरज नव्हती. असंच रडणं मी बंद दाराआड डब्याचं झाकण उघडून थांबवलं होतं. त्या घरात फक्त मला कळत होतं की आत काय चाललं आहे. मी पोळ्या लाटत राहिले.

मामींचा धीर सुटायला लागला. "आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? दिवसभर मोबाइल पाहून राहिली, मन लावत नाही पोरात. त्या शुभाले विचार, कशी पाजत होती." हे सपनाला ऐकू जाईल अशा आवाजात. मी ऐकून न ऐकल्यासारखं करायची. कधी कधी तर, आता सांगायलाच बसले आहे तर हेही सांगते, कधी कधी ते ऐकून मला बरं वाटायचं. अजूनही या घरात कुठल्यातरी गोष्टीत माझाच पहिला नंबर आहे, असं. किती हलकं असावं माणसानं?

एका दुपारी मामी विहारात गेल्या होत्या. सपनानं दार किलकिलं केलं आणि माझा हात धरून मला आत ओढलं. केस विस्कटलेले, ब्लाऊज ओलं नाही, डोळे मात्र ओले. अंशू मांडीवर. ओठ कोरडे, डोक्यावरची टाळू जराशी खोल गेलेली. मी बघितलं. मला दिसलं.

"दीदी, एक बात पूछूँ? सच बोलना. आपको सच में इतना आता था?"

तुम्ही सांगा, याहून सोपा प्रश्न कुणाला कधी विचारला असेल का? घरात कुणी नव्हतं. तिनं कुणाला सांगितलंही नसतं. ती मला हसली नसती, ती तर सुटल्यासारखी रडली असती. "नाही गं, मीही डब्यातलंच दिलं" — एवढंच म्हणायचं, कपाटाकडे बोट दाखवायचं आणि राजूला फोन करायचा. मी तिच्याकडे पाहिलं आणि म्हटलं —

"हो. तू टेन्शन घेऊन राहिली ना, म्हणून नाही येऊन राहिलं. मन शांत ठेव, येते आपोआप."

ती माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "मतलब मेरे में ही कुछ गड़बड़ है."

मी नाही म्हटलं नाही. तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि बाहेर आले. मामींनी माझ्या डोक्यावरून फिरवला होता तसाच — पण हा हात लबाड बाईचा होता.

हाच तो गुन्हा. याच्याभोवती मी मघापासून घिरट्या घालत होते. डबा लपवला तो खोटेपणा म्हणा, भित्रेपणा म्हणा. पण ज्या पोरीनं हात धरून खरं विचारलं, तिच्या उपाशी लेकरासमोर, तिचाच दोष आहे असं मी तिला सांगितलं. ते माझ्या तोंडून आलं, कुणी वदवून घेतलं नाही.

यानंतरही एक संधी आली. नवरा लाइनवरून घरी आला, जेवताना म्हणाला, "अंशूले डब्यातलं काहून देऊन नाही राहिले? आर्याले तर आपण दिलं होतं." त्यांना वाटत होतं, आर्याचं मामींना ठाऊकच आहे. मी ताटात भाजी वाढत म्हटलं, "डॉक्टर पाहून राहिले. तुम्ही बायांच्या भानगडीत पडू नका." त्यांनी खरं मानलं. कुठल्या डॉक्टरनं पाहिलं होतं? कुणीही नाही.

मग अंशूचं रडणं कमी झालं. मामी खूश. "आज पोट भरलं वाटते पोट्ट्याचं." मीही स्वतःला तेच पटवलं. भुकेलं लेकरू रडून थकलं की गप्प होतं, हे समजायला कुठलं शिक्षण लागतं? संध्याकाळी राजू कामावरून आला, मुलाला उचललं आणि ओरडला, "हा उठत काहून नाही?" मान लटकत होती. तसाच स्कूटरवर सपनाला मागे बसवून दवाखान्यात घेऊन गेला. मी आणि मामी रिक्षानं मागून.

अंशूच्या इवल्या हाताला सलाइन लावलं होतं. डॉक्टर तरुण होते, चिडलेले. "घर में किसी को दिखा नहीं? बच्चा सूख गया है. ऊपर का दूध देने में क्या दिक्कत थी?"

मामी हात जोडून उभ्या होत्या. म्हणाल्या, "साहेब, आमच्या घरी कधी वरचं लागलंच नाही. ही पाहा ना मोठी सून —" आणि माझा दंड धरून मला पुढे केलं. पुरावा म्हणून.

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. सपना भिंतीशी बाकावर बसली होती, तिनंही पाहिलं. मी उभी राहिले. पदर सारखा केला. डॉक्टर म्हणाले, "हर माँ का अलग होता है, अम्मा," आणि आत गेले. सपनानं मान खाली घातली. ती कुणामुळे खाली गेली हे तिथे एकट्या मला माहीत होतं.

अंशू वाचला. बाटलीवर वाढला, आता उंच झाला आहे, क्रिकेट खेळतो. म्हणून सगळं ठीक झालं असं म्हणू का? सपनाचं हसणं पुन्हा तसं झालं नाही. अंशूच्या नामकरणाला बायका जमल्या तेव्हा कुणी विचारायच्या आधीच ती सांगत होती, "मेरा दूध नहीं आया. दीदी का बहुत था, मेरा ही नहीं आया." पुढे राजूनं कामाच्या जवळ म्हणून भनपुरीला घर घेतलं आणि ते निघून गेले. दुसरं मूल तिनं होऊ दिलं नाही. मामी मागे लागायच्या तेव्हा म्हणायची, "मेरे बस का नहीं है. एक को तो भूखा मार ही डाला था." हे ती हसत म्हणते. माझ्यावर तिचा जरासुद्धा राग नाही. सणाला येते तेव्हा वाकून माझ्या पाया पडते, आणि मी पडू देते.

मामींचंही एक सांगायचं राहिलं. त्या जाण्याच्या आदल्या हिवाळ्यात आम्ही दोघी अंगणात उन्हात बसून मटार सोलत होतो. समोरून कुणाच्या तरी बकऱ्या गेल्या. मामी हसायला लागल्या. म्हणाल्या, "यांचे उपकार आहेत बाई आपल्यावर. राजूले बकरीच्या दुधावर वाढवलं मी. माह्या अंगावर काही येतच नव्हतं तवा."

माझ्या हातातली शेंग तशीच राहिली. म्हटलं, "मग पाराभर काहून सांगत होता, आमच्या घरच्या बायांचं कधी आटलं नाही म्हणून?"

"मंग काय सांगू? माही सासू सांगे, तसंच मीबी सांगत होती." आणि पुन्हा हसल्या. त्यांना त्याचं काहीच नव्हतं. गेल्या जन्मातली गंमत असावी तसं त्या बोलत होत्या.

म्हणजे मी ज्याला घाबरून डबा लपवला ते मुळात नव्हतंच. हे मी स्वतःला सोडवायला सांगत नाही आहे. उलट त्यामुळे माझं ओझं वाढलंच. एक शब्द बोलले असते तर म्हातारीनं फार तर दोन टोमणे मारले असते आणि मग आपली बकरीची गोष्ट सांगितली असती. आणि त्या दुपारीही, उन्हात, दोघीच असताना, मी म्हणू शकले असते — मामी, माझंही तसंच होतं. चला, भनपुरीला जाऊन सपनाला सांगू. मी चहा ठेवते म्हणून उठले. मामी गेल्या. आता त्या घराण्यातल्या दोन्ही खोट्या गोष्टी माझ्याकडे आहेत.

गेल्या आठवड्यात सपनाचा भिलाईहून फोन आला. ती शाळकरी नेहा आता बाळंत झाली आहे, सपना तिच्याजवळ राहायला गेली आहे, आणि दूध कमी येतं आहे. "दीदी, आप समझाओ इसको, आपकी बात मानेगी."

मी सगळं बरोबर सांगितलं. लाडवांनी काही होत नाही, सारखं छातीशी लाव, उघड्या अंगाला अंग लागू दे, तू भरपूर पाणी पी, बाळाचे लंगोट ओले होतात का बघ, कमी वाटलं तर लगेच डॉक्टरकडे जा आणि वरचं द्यायला मुळीच लाजू नको. अगदी शाळेत शिकवते तसं, मुद्देसूद. नेहा ऐकत होती, हं हं करत होती. मग तिनं विचारलं,

"पर आपको तो ऊपर का नहीं देना पड़ा था ना, दीदी?"

समोर आर्या बसली होती, पोहे खात. खोलीचं दार सताड उघडं होतं.

"नाही," मी म्हटलं.

पलीकडून नेहाच्या रडण्याचा आवाज आला आणि त्यावर सपनाचा, समजावणारा, मायेचा — "रो मत पगली. सबका दीदी जैसा थोड़ी होता है. तू मेरे पे गई है. हम बहनों में ही कमी है."

तिकडे फोन स्पीकरवर होता. मला सगळं ऐकू आलं. मी म्हटलं, "काळजी घ्या गं दोघी," आणि फोन ठेवला.